काळ्याची चौकशी

वुच शहरात, गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान.
पाटी एवढीच : पेनं दुरुस्त करून मिळतील.
शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि नदी मात्र गिरण्यांनी कधीच
जमिनीखाली गाडून टाकलेली.
आई रंगखात्यात होती. सांगायची,
आज लाल कापड तर आज नाल्याला लाल पाणी,
सोमवारचं बहुतेक निळं,
बुधवारी काहीच सांगता येत नसे.

लुदोमिर आला तो बहिणीचं पेन घेऊन.
रुमालात गुंडाळलेलं, टोपणावर दातांच्या खुणा.
सेवेरिना. सूतगिरणीत हिशेबनीस, एकतीस वर्षं.
फेब्रुवारीत गेली.
"धुऊन द्या," म्हणाला, "माझ्या नातीला हवंय."

निब सुटता सुटेना.
कोमट पाण्यात ठेवली तेव्हा कुठे
आत सुकलेली शाई जागी झाली.
पहिला थेंब मी फेकत नाही. खोड म्हणा.
कॉफी गाळायच्या कागदाची बोटभर पट्टी,
तळाशी शिसपेन्सिलीची रेघ,
शिसं पाण्याला भीक घालत नाही म्हणून.
रेघेवर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका,
फुंकर, पुन्हा ठिपका, पुन्हा फुंकर.
मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत थोडं पाणी, चिमूटभर मीठ.
पट्टी चिमट्याला टांगायची, अशी की
पाणी कागदाला शिवेल, ठिपक्याला नाही.
बाकीचं पाणी बघून घेतं.

"कुठली शाई वापरायच्या?"
"काळी. दुसरी घरात आलीच नाही.
जन्मभर पांढऱ्यावर काळं केलं बाईनं.
वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा काळं."

नवव्या मिनिटाला काळं सैल पडलं.
आधी जांभळा ओघळ, पण वर जाणारा.
मग गुलाबी, चांगलं ढळढळीत.
सगळ्यांच्या पुढे मोरपंखी, घाईत.
काहीतरी करडं रेघेवरच बसून राहिलं,
उठायचं नावच घेईना.
आणि मधोमध, नखाएवढं, हिरवं.

लुदोमिरनं चष्मा पुसला.
"हिरवं?"
मी गप्प.
"हिरव्या शाईनं ही कुणाला लिहीत होती?"

मी सांगायला हवं होतं :
काळ्याच्या पोटात पिवळं असतंच.
पिवळं नि मोरपंखी एकमेकांना ओलांडताना
तेवढ्यापुरतं हिरवं दिसतं,
कुणी चोरून बाटली आणलेली नसते.
सांगितलं. उशिरा, पण सांगितलं.
म्हटलं, ही काळी माझ्या कपाटात आहे,
शेजारी तिची पट्टी लावू.
तिच्यातही हिरवं उतरलं तर ते काळ्याचंच.
नाही उतरलं तर

"नको," तो म्हणाला.
"दुसरी पट्टी लावू नका."

स्टुलावर बसला. पट्टी वाळेपर्यंत
चिमट्यासकट हातात धरून.
मग म्हणाला, चौसष्ट साली ती दोन महिने
ग्दिनियाला गेली होती, समुद्रावर.
दम्यासाठी, असं घरी सांगितलं होतं.
आमच्या घरात दमा कुणालाच नाही.
हसला की काय ते कळलं नाही.
पट्टी पाकिटात ठेवली, बसच्या पासामागे.
पेन विसरला. की ठेवून गेला.

दुकान बंद करताना मी दुसरी पट्टी लावलीच.
आणि कुणा वकिलाची वाकडी निब
सरळ करत बसले. तिची दोन टोकं जुळेनात.
मान वर केली तर सगळे रंग
चढत चढत चिमट्यापाशी पोचले होते,
पुढे वाट नव्हती,
म्हणून एकमेकांत शिरून
पुन्हा काळपट झालेले.
खाली पेन्सिलीची रेघ, स्वच्छ, एकटी.

बरणीतलं पाणी मोरीत ओतलं.
मोरीखालून ते त्याच नदीला जातं.
बुधवार होता.